व्याह्यांची तेलाची टाकी

१२ मार्च

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद.

फोन करायचा सोडून बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तुमच्या घरात फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत आहे. मी 'कशी आहेस' म्हटलं की चार जण मिळून 'मजेत' म्हणतात. मला चौघांची खुशाली नको असते. पत्र निदान एका वेळी एकालाच वाचता येतं.

परवा तुमच्याकडे मी ताटावरून उठलो ते चुकलं, असं तुझी आई परतीच्या प्रवासभर सांगत होती. चुकलं असेल. पण तुझ्या सासऱ्यांनी घास तोंडात असतानाच जाहीर केलं, की 'मी आणि सूनबाई मिळून तिचा कॉम्प्युटर तेलात बुडवणार आहोत.' आता कॉम्प्युटर जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याने यावर काय करायचं? मी एवढंच म्हणालो, की कॉम्प्युटर म्हणजे लोणचं नव्हे, तेलात मुरत घालायला. सगळे हसले. तूही हसलीस. मग ते म्हणाले, "अहो व्याहीबुवा, आमचे ट्रान्सफॉर्मर जन्मभर तेलातच असतात. त्यांना कुठे सर्दी होते?" त्यावर तू जास्त हसलीस. माणसाला कळतं ते.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांब्याच्या तारांचं वेटोळं. त्याला ना अक्कल ना आठवण. व्याह्यांनी वीज कंपनीच्या कारखान्यात जन्म घालवला, त्यांच्या हाताला तेलाचाच वास, म्हणून दिसेल ते तेलात घालावंसं वाटतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणूस चांगला आहे. जरा जास्तच चांगला आहे.

तुझी अडचण मला माहीत आहे. अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींची तू हलती चित्रं करतेस, गिऱ्हाइकाला त्यांतून आधीच फिरवून आणतेस. त्या कामाने मशीन दिवसभर तापतं, वरची खोली तापते, पंखे बोंबलत राहतात. त्यात समोरच्या वखारीत करवत चालू असते आणि लाकडाचा भुसा खिडकी बंद असली तरी आत येतो. हे सगळं मान्य. पण म्हणूनच मी दर खेपेला ब्लोअर घेऊन येतो ना? मशीनचं पोट उघडायचं, बशीभर भुसा बाहेर काढायचा. तू शेजारी बसून स्क्रू तळहातावर धरायचे, लहानपणी दुकानात धरायचीस तसे. किती छान चाललं होतं. त्यात काय कमी पडलं, ते मला कोणी सांगेल का?

तेलात बुडवलं की भुसा आत जाणार नाही, पंखेही लागणार नाहीत, आवाज नाही, हे मलाही कळतं. तेलातून वीज वाहत नाही, म्हणून काही जळत नाही, हेही कळतं. मी अडाणी नाही. पण भुसा नाही म्हणजे ब्लोअर नाही, आणि ब्लोअर नाही म्हणजे मला बोलवायचं कारण नाही. हे मात्र तुम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलेलं दिसत नाही.

असो. मला काय करायचंय.

तुझा
बाबा


२९ मार्च

चि. ठिणगीस,

तुझं उत्तर आलं नाही. आईच्या फोनवर मात्र तुझे निरोप रोज येतात. त्यातला एक माझ्या नजरेस पडला: 'बाबा म्हणाले, काच जाड घ्यायची.' मी जाड काचेबद्दल कधी बोललो ते आठवत दुकानात बराच वेळ बसलो. मग कळलं, की हे बाबा तिकडचे. तुझ्या आईला मी सहज विचारलं, की ती त्यांना 'अरे बाबा' म्हणते की 'अहो बाबा'? आई म्हणाली, "अहो. सासरे आहेत ते." तेवढंच जरा बरं वाटलं.

टाकीचा फोटो पाहिला. मासे ठेवायची काचेची टाकी आहे ती, हे तुम्हाला दुकानदाराने सांगितलं असेलच. फोटोत व्याही एका बाजूने धरून उभे आहेत, तू दुसऱ्या बाजूने, आणि दोघंही दात काढताय. जावईबापूंनी फोटो काढला असणार. त्यांना या सगळ्यात काही वावगं वाटत नाही का? बायको आणि बाप मिळून काचेची टाकी घरी आणतात, आणि हे महाशय फोटो काढतात.

योगायोग बघ, माझ्याकडेही एक गिऱ्हाईक आलंय. त्याला असाच तेलातला कॉम्प्युटर हवाय. मी नको म्हणत होतो, पण ऐकेना. धंदा आहे, नाही कसं म्हणणार? तेव्हा सहजच विचारतो: व्याह्यांनी तेल कुठलं घेतलं? ट्रान्सफॉर्मरचं पिवळं तेल की ते औषधाच्या दुकानात मिळतं तसलं पाण्यासारखं, बिनवासाचं? आणि गरम झालेलं तेल थंड करायला ते बाहेरून पंप आणि रेडिएटर लावणार आहेत, की नुसतंच ठेवणार? मला माहीत आहेच. त्यांना माहीत आहे का, ते बघायचं होतं.

हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. नुसतं विचार.

तुझ्या आईने मघाशी मागे उभी राहून एवढं सगळं वाचलं. म्हणाली, "तेल तिकडे ओततायत आणि जळतंय इथे." तिला हल्ली फार सुचतं.

तुझा बाबा
(माहेरचा)


१७ एप्रिल

चि. ठिणगीस,

तुझ्या आईने तुला फोनवर काय सांगितलं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. त्यातलं निम्मं वाढवून सांगितलेलं आहे, म्हणून खरं काय ते लिहितो.

दुकानात थोडं तेल सांडलं. बस्स.

सांडलं असंही नाही. टाकी शाबूत होती, काचेला चीर नव्हती. मी मशीन व्यवस्थित बुडवलं, चालू केलं, आणि एक सांगतो, तो क्षण बघण्यासारखा असतो. सगळं तेलाखाली, आणि तरी दिवे लागतात. आत तेल हळूहळू हलत असतं आणि आवाज म्हणशील तर काही नाही. मी स्टूल घेऊन समोर बसलो. तुला दाखवावंसं वाटलं. मग वाटलं, तिने हे कुणाबरोबर तरी आधीच बघायचं ठरवलंय. आणि शटर ओढून घरी आलो.

सकाळी येऊन बघतो तर काउंटर चकचकीत. मला आधी वाटलं कुणी पुसून ठेवला. तेल म्हणे तारांतून चढतं. तारेवर ते प्लास्टिकचं आवरण असतं ना, त्याच्या आत शिरून वर सरकतं, टाकीच्या काठावरून पलीकडे उतरतं, आणि मग तारेच्या दुसऱ्या टोकाला जे काही असेल त्यात जाऊन बसतं. माझ्या कीबोर्डची तार काउंटरला लागूनच असलेल्या शेजारच्या शिंप्याच्या फळीपर्यंत गेली होती. फळीवर एका डॉक्टरांचा शिवून तयार झालेला पांढरा कोट होता. पुढचं काय ते समज. शिंपी फार शांत माणूस आहे. तो नुसता कोट उंच धरून उभा राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आणि आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी तुझ्या आईने मला निरोप दिला, की 'व्याही म्हणताहेत, बाहेर जाणाऱ्या एकाही तारेला तेल शिवू देऊ नका, मशीनचा मुख्य बोर्ड उभा करून तारांची तोंडं तेलाच्या वर ठेवा.' मी म्हटलं, मला माहीत नाही का? मला माहीत नव्हतं. तसं केलं आणि गळती थांबली. कधी नव्हे ते मला माझ्याच दुकानात दुसऱ्याच्या अकलेने काम करावं लागलं, आणि ते काम चांगलं झालं याचाच मला राग आला. ते हसले असते, चारचौघांत माझी टर उडवली असती, तर मला त्यांच्यावर तोंडसुख घेता आलं असतं. तुझी आई म्हणते, त्यांनी काळजीने सांगितलं. हेच तर मला खुपतं. त्यांच्यात खोट सापडत नाही.

तुला खरं सांगू? मला त्या टाकीचं काही नाही. तू लहान होतीस तेव्हा शाळा सुटली की दप्तर फेकून काउंटरखालून सरपटत आत यायचीस आणि म्हणायचीस, आज काय उघडायचंय? तुझं 'ठिणगी' हे नाव पडलं तेही तू पॉवर सप्लायमध्ये पेचकस घातलास तेव्हा. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि तू म्हणालीस, परत करू? ती सगळी तुझी माझी दुनिया होती. आता तोच खेळ तू दुसऱ्याच्या अंगणात मांडलायस, आणि मला प्रेक्षकांतही जागा नाही.

गिऱ्हाइकाचं काम बरं चाललंय.

तुझा बाबा


५ मे

चि. ठिणगीस,

सगळी जोडणी झाल्याचा फोटो मिळाला. या वेळी तू तो आईला न पाठवता थेट माझ्या फोनवर पाठवलास, याचा आनंद वाटला. तेल रविवारी सकाळी ओतणार, हेही कळलं.

काम फार सुबक झालंय. बोर्ड सरळ उभा आहे, तारांची तोंडं वर आहेत, पंपाची नळी कुठे दुमडलेली नाही. रेडिएटर खिडकीजवळ ठेवलात हे उत्तम. टाकीखाली रबर घातलंत, हेही चांगलं सुचलं. व्याह्यांच्या हाताला सफाई आहे, मान्य करायलाच हवं.

मला तरी सगळं ठीक दिसतंय. बिनधास्त ओता.

माझ्या मागच्या पत्रांत काही वेडंवाकडं आलं असेल तर मनावर घेऊ नकोस. व्याह्यांना माझा नमस्कार सांग. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा बाबा


१२ मे

चि. ठिणगीस,

रविवारी दुपारी मी फोन केला तो फक्त अभिनंदनासाठी होता, गैरसमज नको. व्याह्यांनी उचलला. म्हणाले, "ओतलं की मघाशीच. झोकात चाललंय." मागून तू विचारलंस, कोण आहे? त्यांनी सांगितलं, आणि तू आलीस. किती महिन्यांनी आपण दोघं बोललो.

तू म्हणालीस, "बाबा, फोटो पाहिलास ना?"

मी म्हणालो, "पाहिला."

"नीट पाहिलास?"

"हो गं. छान झालंय."

"काही म्हणायचं नव्हतं तुला?"

"नाही. काय म्हणणार?"

मग तू 'बरं' म्हणालीस आणि फोन व्याह्यांकडे दिलास. ते पुढे तापमानाबद्दल बरंच बोलले. मला काही ऐकू आलं नाही. तुझं ते 'बरं' कानात बसलं होतं. तू लहानपणापासून मनासारखं झालं नाही की रडायची नाहीस, भांडायची नाहीस, नुसतं 'बरं' म्हणायचीस.

तेव्हा एक खुलासा करून ठेवतो. हल्ली माझ्या नजरेला काहीतरी झालंय. जवळचं धूसर दिसतं. बोर्डावरची अक्षरं वाचताना त्रास होतो, फोनवरचे फोटो तर विचारूच नकोस. तुझ्या फोटोतही मला टाकी दिसली, मोठं मोठं सामान दिसलं, पण तळाशी काय आहे, कोपऱ्यात काय आहे, ते काही कळलं नाही. म्हणून काही बोललो नाही. आईला यातलं सांगू नकोस, ती उगाच घाबरेल.

तुझं सगळं काम त्या मशीनवर आहे. पुढेमागे हार्ड डिस्क वगैरे कुरकुरली, काही अडलं, तर संकोच करू नकोस. व्याही ट्रान्सफॉर्मरचे राजे असतील, पण डिस्क हा माझा प्रांत आहे. तशीच पाठवून दे. मी आहे.

तुझा बाबा


२१ मे

ठिणगी,

काल व्याह्यांचा दुकानात फोन आला. सुरुवातीलाच म्हणाले, "मी गच्चीवर येऊन बोलतोय, स्पीकर नाही." त्यांना असं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी विचारलं, "व्याहीबुवा, डोळे कधीपासून असे झाले?"

मी म्हटलं, "झाले काही दिवस."

ते म्हणाले, "सूनबाईने तुमचं पत्र वाचलं आणि दोन घास धड खाल्ले नाहीत. येत्या रविवारची गाडी बघतेय. पंधरा दिवस तुमच्याकडे राहते म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच नेणार आहे. मी सांगितलं, जा, इथलं आम्ही बघतो." मग म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगून टाकतो. ती डिस्क आम्ही मुद्दाम ठेवली होती."

मी विचारलं, कुठली डिस्क? माझ्या तोंडून हे इतकं सहज निघालं, की माझंच मला आश्चर्य वाटलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. टाकीच्या तळाशी दिसत होती ती डिस्क मेलेली होती. फोटोपुरती ठेवलेली. तुझी खरी डिस्क बाहेर, सुक्या डब्यात होती आणि आहे. ही कल्पना तुझी. तू त्यांना म्हणालीस, "बाबा माझ्यावर रुसलाय, फोन करत नाही. पण डिस्क तेलात जाताना बघून तो गप्प बसायचा नाही. शिव्या घालेल, पण फोन करेल." व्याही म्हणाले, "मीही म्हटलं, तासाभरात येईल बघ फोन. आम्ही दोघं वाट बघत बसलो. रविवारी सकाळीही ती म्हणाली, अजून थोडं थांबू. शेवटी दुपार व्हायला आली तेव्हा डिस्क काढली आणि तेल ओतलं. मग तुमचं डोळ्यांचं पत्र आलं. ते वाचून म्हणाली, 'बाबाला डिस्क दिसली नाही म्हणजे त्याचे डोळेच गेले. दुसरं काही असूच शकत नाही.'"

नंतर त्यांनी एकदाच विचारलं, "डोळेच ना, व्याहीबुवा?"

मी म्हणालो, "हो. डोळेच."

ते म्हणाले, "मग काळजी नको. डोळ्यांवर इलाज असतो." आणि फोन ठेवला.

माझे डोळे ठणठणीत आहेत, ठिणगी. तुझा फोटो आला तेव्हा मी काउंटरवर एकटा होतो. पहिल्या नजरेतच डिस्क दिसली. तरी मी फोटो मोठा करून पाहिला, खात्री करायला. हार्ड डिस्कच्या पाठीवर श्वास घ्यायचं बारीक भोक असतं, ते बुजवायचं नाही आणि त्यातून काही आत जाऊ द्यायचं नाही, हे तुला मीच शिकवलं. तेल त्या भोकातून आत शिरतं, तबकड्यांवर पसरतं आणि आतलं सगळं संपतं. ट्रान्सफॉर्मरला असं काही नसतं, म्हणून व्याह्यांना ठाऊक नसणार, असं मी धरून चाललो. आणि तू त्यांच्या नादाने विसरलीस, असं मला वाटलं. तू हे विसरलीस, याचा आधी संताप आला. दप्तर फेकून जे शिकलीस, ते त्या माणसाच्या कौतुकात विसरलीस. मग संताप गेला आणि त्याच्या जागी जे आलं, त्याला काय म्हणावं कळत नाही. आनंदच म्हणायला हवा.

मला सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. डिस्क बंद पडणार. तुझं वर्षभराचं काम आत अडकणार, गिऱ्हाइकं दारात उभी राहणार. व्याही हात चोळत म्हणणार, आमच्या ट्रान्सफॉर्मरला असं कधी झालं नाही हो. आणि तू मला फोन करणार. रडत. मी म्हणणार, शांत हो, पाठवून दे. मी ती डिस्क उघडणार, तबकड्या पुसणार, जेवढं निघेल तेवढं काढून तुझ्या हातात देणार. त्यानंतर तुझ्या घरात कधी कुणी तेलाचं नाव काढणार नाही. मी मागच्या खोलीतलं टेबल पुसून ठेवलं होतं. हत्यारं कापडावर ओळीने मांडून ठेवली होती. मग बसून तुला ते पत्र लिहिलं: सगळं ठीक दिसतंय, बिनधास्त ओता. त्या पत्रातला रबराचा, नळीचा, रेडिएटरचा शब्द न् शब्द मी विचार करून घातला, म्हणजे बाबाने फोटो नीट पाहिलाय असं वाटून तुम्ही निर्धास्त तेल ओतावं. आणि फोन केला तो दुपारी, तेल ओतून झालं असेल याचा अंदाज घेऊन.

तुझं 'बरं' ऐकल्यावर मात्र घाबरलो. वाटलं, तुला चूक कळली आणि आता तू विचारशील की बाबा, तू कसा बोलला नाहीस? म्हणून डोळ्यांची गोष्ट रचली.

माझ्याकडे गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. ती टाकी माझी आहे. तुझ्याआधी करून दाखवायची होती.

मला अजूनही व्याह्यांचा राग येतो. आता तर जास्तच येतो. मी त्यांना खड्ड्यात पडताना बघायला टपून बसलो होतो, आणि ते तिकडे तुझ्याशेजारी बसून माझ्या फोनची वाट बघत होते. माझ्या बाजूने बोलत होते. तुझ्यासमोर माझी बाजू घेणारेही तेच असावेत, हेसुद्धा मला सहन होत नाही. कसला स्वभाव आहे बघ माझा.

कालपासून तुझी आई तुझ्या खोलीची झाडलोट करतेय. तू येणार हे तिला कळलंय, डोळ्यांचंही कळलंय. सकाळपासून ती मला पायरी आली की सांगते. मीही पाय चाचपून टाकतो. डॉक्टरला फसवायचं कसं, तेही माझं ठरवून झालं. अक्षरं धूसर दिसतात म्हणायचं, की झालं, तो नवा चष्मा देईल. पंधरा दिवस तू इथे असशील. दुकानात येशील, मला बोर्डावरची अक्षरं वाचून दाखवशील, स्क्रू हातात देशील. रस्ता ओलांडताना माझा हात धरशील. मी धरू देईन. आणि मला ते फार आवडेल, त्यात एकदाही लाज वाटणार नाही, हे आज सकाळी पायरी चाचपताना माझ्या ध्यानात आलं. म्हणून शटर अर्धं ओढून लिहायला बसलो.

तू म्हणालीस, दुसरं काही असूच शकत नाही. दुसरंच होतं.

आईला अजून काही बोललो नाही. हे पत्र टाकून आलो की आज बोलणार आहे. व्याह्यांनाही फोन करणार आहे. तू हे मिळायच्या आत निघाली असशील, तर स्टेशनवर मी येईन आणि घरी पोचायच्या आधी तिथेच सांगेन. निघाली नसशील, तर निघायचं की नाही ते आता ठरव. डोळ्यांसाठी येऊ नकोस.

बाबा